तळमजल्याची मुदतवाढ

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. भाऊजींची पाठ आता कशी आहे? धाकटीचे पेपर बरे गेले असतील. इकडे बाबांचा खोकला गेला, जेवण ठीक आहे, आणि माझ्या चहाला नावं ठेवणं नेमाने चालू आहे.

तू विचारलंस, खालची जागा मिळाली का? नाही मिळाली. सरकारी कार्यालय आणखी पाच वर्षं तिथेच राहणार.

बाबांनी शिवणाचं दुकान बंद करून तळमजला माझ्याच खात्याला भाड्याने दिला, तेव्हा करारातलं ते कलम आपण कुणीच नीट वाचलं नव्हतं. मुदत संपताना खात्याला योग्य अशी दुसरी जागा मिळाली नाही, तर मुदत आपोआप वाढते. योग्य जागेचेही नियम आहेत. तळमजला हवा, पायऱ्या नकोत, चाकांची खुर्ची आत जाईल एवढं रुंद दार हवं. कामासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होऊ नयेत म्हणून. आणि त्यांच्याच डोक्यावर, सतरा पायऱ्या वर, आपला म्हातारा खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने अडकून पडलाय.

घड्याळजीकाका गेले, हे तुला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं मी. रोज समोरच्या दुकानातून मान वर करून ओरडायचे, "टेलरमास्तर, उतरा की खाली!" बाबा खिडकीतून म्हणायचे, "सरकार हललं की उतरतो." मागच्या सोमवारी काका गेले. शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरवलं, पण जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. बाबा कळवळले, तसं पुन्हा वर आणलं. काकांना नेलं तेव्हा बाबा खिडकीचे गज धरून उभे होते. माणसं कोपऱ्यावर वळली तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरी जागा नाही असं ज्याने लिहिलं ना, त्याच्या घरी म्हातारं माणूस नसणार."

ताई, ते मी लिहिलंय.

दुसरी जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आत्ताच्या जागेचे मालक माझे वडील आहेत हे मी साहेबांना लेखी दिलं होतं. ते म्हणाले, "विभागात दुसरा आहे कोण? लिहून दिलंत ना, झालं. फक्त काटेकोर राहा." राहिलो काटेकोर. तीन जागा पाहिल्या. दोन खरंच वाईट होत्या. तिसरी, एक जुना छापखाना, चांगली होती. दार तेवढं दोन इंच कमी. त्याचा मालक मागे लागला होता, "आठवड्यात रुंद करून देतो, साहेब, लिहून घ्या." तसं लिहून घेऊन जागा मान्य करता येते, नियमातच आहे. मी लिहून घेतलं नाही. अहवालावर 'अयोग्य' असा शेरा मारला. बापाचं घर मोकळं करायला याने नियम वाकवला, असं कुणी म्हणू नये म्हणून. खरं तर कुणी म्हणणारही नव्हतं. मी घाबरलो, एवढंच.

काकांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. अहवाल पुन्हा उघडा म्हटलं. माणूस वाईट नाही, आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "मुदतवाढ लागू झाली. छापखान्यात औषधांचं गोदाम आलं. आता उघडून करू काय?" मी पाणी संपवून बाहेर आलो.

काल मुदतवाढीची प्रत मीच घरी आणली. पोच म्हणून बाबांची सही लागते. त्यांनी चष्मा पुसला, कुठे करायची विचारलं, मी बोट ठेवलं. सही करून म्हणाले, "तू आहेस त्या खात्यात. पुढच्या वेळी तरी लक्ष ठेव हं." मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यात त्यांना एक्क्याऐंशी पूर्ण होतील.

सांगू का त्यांना? सांगितलं तर इथे त्यांचं म्हणून जे एक माणूस आहे तेही जाईल. नाही सांगितलं, तर रोज सकाळी माझ्या खांद्यावर भार टाकून ते न्हाणीघरापर्यंत चालतात, "तू नसतास तर" म्हणतात, आणि मी ते ऐकून घेतो. तू मोठी आहेस. काय ते लिही. फक्त उत्तर घरी पाठवू नकोस, आलेलं पत्र आधी ते फोडतात.

बाबांचा ज्याच्यावर अजून भरवसा आहे, तो
तुझा धाकटा