सीटवरचं प्लास्टिक

रविवार, संध्याकाळ

गाडीला शेवटी सीट्स बसल्या. सुटे भाग आणून घरीच जोडलेली, टप नसलेली गाडी. म्हणजे उन्हापावसात टिकणारीच सीट हवी. खडकीला युसुफभाईंच्या दुकानात मी एकेका रेक्झिनवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं होतं. ते शांतपणे फरशी पुसत म्हणाले, "सीट कोरडीच राहील हो साहेब. तुमचं काय?" मी पुढच्या रेक्झिनवर तांब्या रिकामा केला.

आज घरी येऊन सीटवरचं प्लास्टिक काढायला गेलो तर सुनंदा आडवी आली. "अहो, राहू द्या ते. नव्या सीट्स खराब होतील."

म्हटलं, "अगं, खराब होऊ नयेत म्हणून तर याच घेतल्या."

"म्हणून काय आजच खराब करायच्या?"

शेवटी प्लास्टिकसकट दोघं विश्रांतवाडीपर्यंत चक्कर मारून आलो. प्रत्येक वळणावर घसरत होतो. पाठ घामाने चिकटली ती वेगळीच. मग एवढं पाणी ओतून परीक्षा घेतली कशाला? उद्या सकाळी उठल्या उठल्या ते प्लास्टिक फाडून टाकायचं, ठरलं.

आत्ता खाली जाऊन पाहिलं. प्लास्टिकवर धूळ बसायला लागली आहे. जुनी चादर घालून आलो.