लशीचा ताप

१० मार्च २०२१, अकोला
दादानं एकदाची लस घेतली! किती डोकं फोडलं मी फोनवर. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या वस्तीत धर्मपाल गुरुजी, म्हणजे दादा, दंड पुढे करत नाहीत तोवर कुणीच करणार नाही, हे मला माहीत होतं. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी लोक बाळाचं नावसुद्धा त्याला विचारून ठेवतात. त्याचा फोटो आमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर मीच लावला. दादाच्या शेजारच्या चंदाचा फोन — "गुरुजी दोन-चार दिस धडधाकट राहू द्या ताई, मंग आमी साऱ्याजनी जातो."

१४ मार्च
दादाला ताप. वैनी म्हणते, "लशीचा हाय. तूच तं लिवलं होतं पेपरात, ताप येते म्हनून."
लिहिलं होतं — एक-दोन दिवस! चौथ्या दिवशी सुरू होणारा नव्हे. आणि खोकला? तो कुठल्या लशीचा? तपासणी करा म्हटलं. "पाहू."

१५ मार्च
पाहू. पाहू. पाहू.

१६ मार्च
अमरावतीला गेले, पण तपासणीला नाही. थेट छातीच्या स्कॅनला! हल्ली सगळ्यांनी हीच वाट काढलीय. तपासणी केली की नाव सरकारकडे जातं, दारावर बांबू ठोकतात. स्कॅनचा कागद पिशवीत घातला की काम झालं. डॉक्टरनं पाहताक्षणी कोरोना सांगितला. गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.
दादाचा आवाज बसलेला. "कोनाले सांगू नको. मागच्या साली मास्कसाठी मी सारी वस्ती झाडली. आता मलेच झाला म्हनू? लोकं हासतीन."
"मग काय सांगणार?"
"लशीचा ताप."
माझा भाऊ. गणिताचा मास्तर!

१८ मार्च
लोक त्याला पाहायला येतायत. येणारच — लशीचा ताप काय लागतो कुणाला? आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला गेलं नाही तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. कुणी संत्री आणतं, कुणी नुसतंच बसतं. चंदा तर दोन्ही वेळ भाकर-भाजी घेऊन येते, दादाच्या खाटेशी टेकते. मास्क नाही. वैनीवर ओरडले. ती म्हणे, "तिले येऊ नको कसं म्हनू? काहून म्हनून विचारीन न ते!"
आणि लसीकरण केंद्रावर आज वस्तीतलं कुणी नाही. "गुरुजींले लशीनं पाडलं" — झालं!
मी दिवसभर काय लिहीत होते? विषाणू बदललाय म्हणतात, एकाला झाला की अख्खं घर आडवं पडतं. शेवटची ओळ — अफवांवर विश्वास ठेवू नका. अफवा माझ्या माहेरात शिजतेय, आणि मी इथे मथळा बसवतेय.

१९ मार्च
न राहवून चंदाला फोन लावला. दादाच्याच घरात होती ती. मागून वैनीचा आवाज, "कोन हाय व?" एवढंच म्हटलं, मास्क लाव गं.
ती हसली. "अवो ताई, लशीले काय मास्क!"
नंतर दादाला बजावलं — उद्या तू सांग, नाहीतर मी सांगते. म्हणाला, "दोन दिस थांब. उठून बसतो, मंग मीच सांगतो साऱ्यांले."
थांबले. त्याचं ऐकायची सवय आहे मला.

२१ मार्च
दादा उठून बसला. सांगितलं नाही. "आता बरा हाय न मी, मंग कायले उकरतं?"

२४ मार्च
चंदा पडली. ताप, खोकला, धाप. तिचे यजमान भगवंतराव म्हणतात, उन्हानं झालं असंल. मी म्हटलं, आजच्या आज तपासा. खरं कारण सांगितलं नाही. आधी तपासणी होऊ दे, बाकीचं मग, असं स्वतःला समजावलं. बातमी उद्यावर ढकलतात, तसं.

२५ मार्च
पॉझिटिव्ह. अमरावतीत खाट नाही. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले, तेव्हा कुठे अकोल्यात मिळाली. ऑक्सिजन लावलाय.
दादाला कळवलं. म्हणाला, "तिनं लस घेतली होती काय?"
कशी घेईल, दादा? तू घेऊ दिलीस का?

२९ मार्च
कामावर चूक झाली. मृतांचा आकडा कालचाच गेला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून?" रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन आले. आत सोडत नाहीत. भगवंतराव लिंबाखाली पिशवी घेऊन बसलेले. मला पाहून उठून उभे राहिले. "जय भीम, ताई. तुमच्यामुळं खाट भेटली." मी त्यांना चहा आणून दिला, आणि परत आले.

२ एप्रिल
चंदा गेली.

४ एप्रिल
भगवंतरावांचा फोन. "ताई, तुमी पेपरात हा, तुमाले ठाऊक असंल. चंदी तं कुठीच गेली नाई. आमचं घर अन् गुरुजींचं घर. मंग गुरुजींच्या लशीतूनच आला काय हो तिले?"
सांगितलं. स्कॅन, गोळ्या, वैनी, दादा, मी. सगळं.
भगवंतराव हळूच म्हणाले —
"गुरुजी बरे हायत न पन आता?"