दोनदा विचारलं होतं

४ नोव्हेंबर
नवं गाव, नवी वही. मलकापुरात खोली मिळाली, तीही वरच्या मजल्यावर, समोर गच्ची. कराडचं कॉलेज रिक्षानं दहा मिनिटांवर. तिथल्या ग्रंथालयात मी सहायक. पुस्तकं हजारोंनी, आणि पोरं येतात ती पंख्याखाली बसायला. घरमालकीण राहीकाकू खाली एकट्याच राहतात. आल्या आल्या चहा आणि चौकशी, दोन्ही भरपूर. गाव कवठे महांकाळ, नाव संयोगिता, लग्न अजून नाही, सगळं सांगून झालं.

एक सोडून. सातवीत सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कार्ड दिलंय: कुठलाही उपचार घ्यायचा, अगदी दात काढायचा झाला तरी, आधी हे दाखवायचं. निघताना आईनं ते माझ्या पर्समधून काढून स्वतःच्या कपाटात ठेवलं, साड्यांखाली. लग्न ठरेपर्यंत कुणाला कळायला नको म्हणाली.

९ नोव्हेंबर
काकूंचा भाचा ऋषिराज फौजेत आहे, जानेवारीत सुट्टीवर येतोय. पावटे सोलता सोलता त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. मी नको नको म्हणत तीनदा पाहिला. हसताना त्याचे डोळे बारीक होतात. मला आवडला, उगाच खोटं कशाला लिहू?

मग काकूंनी त्याच्या मागच्या स्थळाचं सांगितलं. मुलगी थायरॉईडची गोळी घेते हे सुपारीनंतर कळलं आणि मोडलं. त्या हसल्या, मीही हसले. वर आल्यावर स्वतःची लाज वाटली.

१४ नोव्हेंबर
दाढ ठणकत होती. काकू त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, हृदयाचा काही त्रास? काकू शेजारीच माझी पर्स धरून बसल्या होत्या. मी नाही म्हणाले. मिनिटभरात दाढ बाहेर आली. येताना काकूंनी आईस्क्रीम खाऊ घातलं. किती जीव लावतात.

२९ नोव्हेंबर
पाच दिवस झाले, संध्याकाळ झाली की थंडी वाजून ताप येतो. पहाटे उशी घामानं ओली असते. साखर कारखाने सुरू झालेत, मळीचा वास खोलीत येतो, जेवण जात नाही. आईला फोन केला. ताप किती आहे हे विचारायच्या आधी तिनं विचारलं, काकूंना काही बोलली नाहीस ना? फोन ठेवून बराच वेळ रडले. इथं माझं असं कुणीच नाही.

२ डिसेंबर
काकू हट्टानं दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर छातीवर नळी ठेवून जरा जास्तच वेळ ऐकत राहिले. लहानपणी काही आजार? काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नाही म्हणाले. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि छातीची सोनोग्राफी लिहून दिली. काकूंनी कशासाठी विचारलं, तर मी अशक्तपणासाठी असं ठोकून दिलं. ती चिठ्ठी या वहीत आहे.

७ डिसेंबर
ताप गेला. सोनोग्राफी कशाला? जानेवारी होऊन जाऊ दे.

१० डिसेंबर
परत आला. नखांखाली लाल बारीक रेघा, कुसळं रुतल्यासारख्या. तळहातावर डाग. दाबले तरी दुखत नाहीत.

आज एका मुलाला बस म्हणायचं होतं आणि खुर्चीला काय म्हणतात तेच आठवेना. बोट दाखवून नुसती उभी. पाच मिनिटांनी शब्द आला.

मिरजेचे डॉक्टर आईला सांगत होते ते आता आठवतंय. दात काढतानाही जंतू रक्तात शिरतात. ते झडपेवर बसले, की त्यांचा थर साचतो. त्यातला कण सुटला तर रक्तातून थेट मेंदूत. मी बारा वर्षांची होते. कण सुटताना आवाज येतो का, असं विचारलं होतं. कुणी हसलं नव्हतं.

११ डिसेंबर
डाव्या कुशीवर झोपलं की ती झडप कानात ऐकू येते. रोज ऐकतेय. आज मध्येच थांबून ऐकते, काही सुटलं का—
काकूंना सांगायचं. मोडलं तर मोडू दे. उद्या सकाळी चहाला खाली जाईन तेव्हा. नक्की.

१२ डिसेंबर, सकाळ
खाली जायच्या आधीच तांब्या हातातून पडला. उजवा हात माझ्याच अंगाला आहे, पण माझा नाही—
आवाजानं काकू वर आल्या. सांगायला तोंड उघडलं, भलतेच शब्द. ओठ एकीकडे—
काकू रडत होत्या. म्हणाल्या, "आगं पोरी, काय हाय ते सांग की. मी कुनाला न्हाई बोलायची."
रिक्षा आणायला गेल्या.
डाव्या हातानं लिहिते. काकू, हे डॉक्टरांना दाखवा—
कार्ड आईच्या— साड्या— खाली
लहानपणी ताप. माझ्या छातीतलं दार. दार नाही. ते— मिटत नाही ते
दोनदा विचारलं. नाही म्हणाले. खोटं. मला आहे
मला लहानप