रबराखालची कड

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, धंदा व्यापारी गाड्यांवर व्हिनाइलची, म्हणजे मागून चिकट असलेल्या प्लास्टिकच्या पातळ कागदाची, अक्षरं आणि चित्रं चिकटवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली नसताना आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कुणी मागितलेला नाही. वकिलांनी छापील मसुदा दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागांत माझी एकही गोष्ट मावेना, म्हणून स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. जिथे कायद्याची भाषा लागते तिथे ती वापरली आहे, बाकी माझी आहे. यापूर्वी मुलाच्या आग्रहाखातर केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गच्चीसकट, माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावं. यात कसलीही अट नाही. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, तिला खालून गुडघ्यानं ढकलावं लागतं, हे त्याला माहीत आहे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझं शेवटचं कार्य साधेपणानं करावं. उरेल ते मुलाचं.

कलम ३. माझ्या दिवंगत यजमानांचे ब्रश, लहानमोठे मिळून एकवीस, आणि अक्षरं आखायची त्यांची लाकडी पट्टी गावातल्या चित्रकला शिक्षिकेला द्यावी. तिला ते वापरायचे असतील तरच. काचेच्या कपाटात ठेवायचे असतील तर देऊ नयेत.

माझे यजमान पेंटर होते. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांवरची नावं हातानं लिहायचे. व्हिनाइल आलं तेव्हा त्यांना ते अजिबात पटलं नाही. "लेबल चिकटवणं म्हणजे काय लिहिणं झालं?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे. मग त्यांचा हात थरथरायला लागला. त्याबद्दल आम्ही दोघंही एक अक्षर बोललो नाही. मी फक्त दुसऱ्या दिवसापासून व्हिनाइल शिकायला जाऊ लागले.

माझी पहिली गाडी एका पाववाल्याची होती. खिडकीभोवतीच्या काळ्या रबरावरूनच मी व्हिनाइल झोकात चिकटवलं. आठ दिवसांत सगळी कड सुटली आणि पाववाल्याच्या गाडीला चारी बाजूंनी कान उगवल्यासारखं दिसायला लागलं. यजमान घरातून खाली शेडमध्ये येऊन बघून गेले. "रबराला तेल सुटतं," म्हणाले. "त्याच्यावर माझा रंग कधी टिकला नाही, तुझं लेबल काय टिकणार?" मी रडायच्या बेतात होते. ते तसेच वर गेले आणि नायलॉनची बारीक दोरी घेऊन परत आले. रबराच्या ओठाखाली ती दोरी सगळीकडून सारली, की रबर जरासं उचललं जातं. व्हिनाइलची कड त्याखाली ढकलायची, चिकटवायची, आणि मग दोरी हळूच ओढून काढायची. रबर आपोआप कडेवर येऊन बसतं. ना कड दिसते, ना पाणी शिरतं. त्या दुपारी त्यांनी दोरी ओढली आणि मी कड दाबली. आमच्या संसारातली ती सगळ्यात चांगली दुपार होती, असं आज लिहायला हरकत नाही.

कलम ४. माझ्या धाकट्या दिराला मी एक फोटो देते. शेडच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे.

फोटो कसला, ते सांगते. दीर वर्षभर माझ्याकडे डिझाइन बघत होता. एका पार्सल कंपनीचं नाव होतं "बिनचूक". दिरानं "बिन" गाडीच्या उजव्या बाजूच्या मागच्या पत्र्यावर घेतलं आणि "चूक" सरकत्या दारावर. मी विचारलं, "भावजी, दार उघडल्यावर काय दिसतं ते बघितलंत का?" तो म्हणाला, "वहिनी, गाडी धावते तेव्हा दार बंद असतं." खरंच आहे. पण पार्सलची गाडी दिवसातून साठ वेळा थांबते, आणि साठही वेळा ते दार सरकून "बिन" झाकायचं. लोकांच्या दारात उभ्या असलेल्या त्या गाडीवर टोलेजंग अक्षरांत नुसतं "चूक" असायचं. कंपनीचा माणूस आला तेव्हा दिरानं माझ्याकडे बोट दाखवलं. भावजी, फोटो तुमच्या बैठकीत लावा. माझा राग केव्हाच गेला, पण फोटो फार छान आला आहे.

कलम ५. वर्कशॉप, म्हणजे दोन शटरची शेड, कापायचं मशीन, गरम हवेच्या तीन हीट गन (त्यातली लाल झटका देते, तिची वायर बदलावी), व्हिनाइल दाबून बसवायच्या फेल्ट लावलेल्या पट्ट्या, सगळे रोल आणि धंद्याचं नाव, हे सर्व मी माझ्या माजी सुनेला देत आहे.

वकील म्हणाले, "बाई, माजी सून असं नातं कायद्यात नसतं. तिची ओळख काय लिहू?"

"कारागीर लिहा," मी म्हटलं.

कायद्यानं तिचा माझ्या कशावरही हक्क नाही. मी न लिहिता मेले तर शेड मुलाकडे जाईल आणि तो ती शेजारच्या टायरवाल्याला विकेल. टायरवाला सज्जन गृहस्थ आहे, पण शेडवर डोळा ठेवून आहे. म्हणूनच मी त्याला साक्षीदार केलं आहे. एकदा सही केली की पुढे कुरकुर करायची सोय नाही.

आता हे असं का, ते लिहिते. वकिलांच्या मते मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

अकरा वर्षांपूर्वी औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या सात व्हॅन आमच्याकडे आल्या. मालकांना आम्ही औषधवाले म्हणायचो. पांढऱ्या गाड्या, खिडक्यांच्या भोवतीनं निळा पट्टा, मुदत अगदी कमी. तेव्हा मुलगा आणि सून दोघंही माझ्या हाताखाली होते. सुनेला या कामात तीन वर्षं झाली होती आणि तिचा हात बसला होता. आमच्या शेडमध्ये नियम एकच: गाडीच्या पत्र्यावर ब्लेड चालवायचं नाही. माप घेऊन आधी कापायचं, दोरी लावायची, मग चिकटवायचं. वेळ जातो, पण रंग शाबूत राहतो. खिडक्यांच्या वेळी सून चार दिवस माहेरी गेली होती. मुलाला उरकायचं होतं. त्यानं व्हिनाइल खिडकीवरून सरळ ताणून चिकटवलं आणि रबराच्या कडेनं ब्लेड ओढलं. दिसायला काम सुरेख होतं. मीही बघून "छान" म्हणाले.

पावसाळा संपल्यावर औषधवाले एक गाडी घेऊन स्वतः आले. त्यांनी पट्ट्याची कड नखानं उचलली. खाली रंगावर केसाएवढी रेघ होती आणि रेघेत गंज. सातही गाड्यांना, प्रत्येक खिडकीला हेच, असं ते म्हणाले.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मुलानं मान वर न करता सांगितलं, "खिडक्या ही करते."

सून त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

मी वाकून खिडकीचा वरचा कोपरा पाहिला. ब्लेड ओढणाऱ्याचा हात कोपऱ्यावर थोडा पुढे जातोच, तिथे रेघेचं शेपूट राहतं. सून उजव्या हाताची. तिनं रेघ ओढली असती तर शेपूट उजव्या कोपऱ्यात आलं असतं. हे डाव्या कोपऱ्यात होतं. आणि आमच्या शेडमध्ये डावखुरं माणूस एकच. सून तेव्हा माहेरी होती हेही मला आठवलं. सगळं माझ्या बोटाखाली होतं. आणि मी म्हणाले, "ती अजून शिकतेय, साहेब. आम्ही दुरुस्त करून देतो."

हे वाक्य मी बोलले. मुलगा नव्हे, मी.

औषधवाल्यांनी गाड्या दुरुस्त करून घेतल्या आणि आमच्याशी संबंध तोडला. पट्टे सोलून काढणं, गंज घासणं, रंग झाल्यावर पुन्हा दोरी लावून सगळं नव्यानं करणं, हे दीड महिना सून एकटी करत होती. मुलगा त्याच महिन्यात दुसऱ्या गावी नोकरीला लागला. आणि औषधवाले ज्याला त्याला सांगत राहिले, "तिथली सून गाडीवर ब्लेड चालवते." अजूनही एखादं गिऱ्हाईक तिच्यासमोर मला म्हणतं, "खिडक्या तेवढ्या तुम्ही स्वतः करा हं." ती ऐकते आणि हीट गन चालू करते.

दोन वर्षांनी मुलाचा आणि तिचा घटस्फोट झाला. कागदावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती शटर उघडून उभी. ती म्हणाली, "मी नवरा सोडलाय, आई. काम नाही."

गेल्या महिन्यात हे कलम लिहिताना मी पहिल्यांदा "तिच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून" असं लिहिलं आणि पेन थांबलं. मेल्यावर माफी मागणं फार सोयीचं असतं, समोरच्याला उलट बोलता येत नाही. म्हणून मी कागद घेतला आणि खाली गेले. ती एका प्लंबरच्या गाडीच्या मागच्या खिडकीत दोरी सारत होती. मी तिला उभ्याउभ्या सगळं वाचून दाखवलं. तिचा हात थांबला नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत ना, तेव्हाच कळलं की तुम्हाला कळलंय."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

"अकरा वर्षं?"

"हो, फारच वेळ लावलात." मग तिनं दोरीचं टोक दातांतून काढलं आणि माझ्याकडे वळली. "आई, शेड नको असं मी म्हणणार नाही. मला हवी आहे. पण भरपाई म्हणून देत असाल तर नको. मला काम येतं म्हणून देत असाल तर द्या."

म्हणून वरचे शब्द मी खोडले आहेत आणि खाडाखोडीजवळ माझी सही आहे. कलम पाच असं वाचावं: तिला काम येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं, म्हणून वर्कशॉप तिला देत आहे. हे दान नाही.

कलम ६. तेवढ्यानं तिचं नाव साफ होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बसनं औषधवाल्यांच्या ऑफिसात गेले. ते आता थकले आहेत, एका कानानं ऐकतात. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढली आणि सांगितलं, की तुमच्या गाड्यांवर ब्लेड माझ्या मुलानं चालवलं, मला ते त्याच क्षणी कळलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. "आता अकरा वर्षांनी मी काय करू याचं?"

"काही करू नका. इतकी वर्षं चारचौघांत ज्या मुलीला नावं ठेवलीत, तिनं ते केलेलं नव्हतं, एवढं ऐकून घ्या."

"लिहून द्याल?"

"लिहिलंच आहे," मी म्हटलं. "सही करायला या."

कलम ७. माझ्या मुलास. तुलाही मी फोनवर सगळं सांगितलं आहे, त्यामुळे हे वाचताना तुला धक्का बसायचं कारण नाही. तू म्हणालास, "आई, मला तेव्हा घाई होती." ते मला ठाऊक आहे, घाई कुणाला नसते. मी विचारलं, "तिचं नाव का घेतलंस?" तू फोन ठेवलास. दोन दिवसांनी तुझा निरोप आला, की घरही तिलाच देऊन टाक. अरे वेड्या, घर तुझंच आहे. मी शिक्षा वाटायला बसलेली नाही. तशी बसले असते तर पहिला नंबर माझा लागला असता. तू तिच्याशी स्वतः बोलावंस असं मला वाटतं. पण ती इच्छा आहे, अट नाही. अशा गोष्टी अट घालून होत नाहीत, हे मला माझ्यावरून कळलं आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. मी गेल्यावर ज्या गाड्या शेडमध्ये अर्धवट असतील त्या वेळेवर द्याव्यात. भेटायला येणाऱ्यांनी नुकत्याच चिकटवलेल्या कडांना हात लावू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. जिला शेड मिळायची आहे ती साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून तिला या वेळेपुरतं बाहेर चहाला पाठवलं आहे.

स्थळ: वर्कशॉप, कापायच्या मशीनशेजारचं टेबल
दिनांक: चौदा ऑक्टोबर, बुधवार, सकाळी साडेदहा
मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा टायरवाला. (सही) शेरा त्याच्या हस्ताक्षरात: "शेड हवी होती. तरी सही करतो."

साक्षीदार दुसरा: सात गाड्यांचे मालक, औषधवाले. (सही) शेरा त्यांच्या हस्ताक्षरात: "पाचवं आणि सहावं कलम दोनदा वाचलं. नव्या नऊ गाड्या घेतल्या आहेत, सोमवारपासून पाठवतो. खिडक्या त्या मुलीनंच कराव्यात."