घामाचं निमित्त

आत्या, मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा हे मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. तिला बजावलंय, बोलेन तसंच उतरव, मध्ये तुझं शहाणपण घालू नकोस. तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली असतील. मी सध्या मुलाकडे आहे, दुबईच्या बाजूला, अल ऐनला. खजुराच्या बागा, गुळगुळीत रस्ते, आणि पायी चालणारं माणूस औषधाला नाही. इथल्या आपल्या बायकांनी मंगळागौर करायची ठरवली आणि फुगडी शिकवायला मला धरलं. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरच्या बायका, पण एकमेकींचे हात धरायची वेळ आली की लाजतात. मी म्हटलं, "अगं, हात धरायचाय, सही नाही करायची. सही तर मलाही येत नाही."

शिकवते मी तुझ्याच पद्धतीनं. समोरासमोर उभं राहायचं, पायाच्या अंगठ्याला अंगठा. हातांची कैची करायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. मग मागे झुकायचं, कोपरं ताठ होईपर्यंत, आणि नजर समोरचीच्या तोंडावर; जमिनीकडे बघितलं की गरगरतं. नवशिक्या झुकतच नाहीत, त्यांना वाटतं समोरची सोडेल. "ती तुझ्या जोरावर उभी, तू तिच्या," असं तू म्हणायचीस, तेच मी म्हणते. आणि सगळ्याआधी तळहातांना पावडर चोळायची. तुझी चुलीतली राख इथे कुठून आणू? एक जण म्हणाली, "आजी, हॉलमध्ये एसी इतका आहे की मी शाल घेऊन बसलेय. घाम येणार कुठून?" मी म्हटलं, "रीत आहे. यल्ला, चल, चोळ." सगळ्या हसल्या, त्यांच्याबरोबर मीही.

रीत कसली, आत्या. मी दहा वर्षांची होते, तुझं लग्न ठरलेलं, आणि आपण अंगणात फुगडी घालतोय. तू चांगली वेगात आहेस आणि फिरता फिरता मला चिडवतेस, "पुढच्या श्रावणात कुणाशी घालशील गं? म्हशीशी?" मी बोटं उघडली. घसरली नाहीत ती, मी उघडली. तू पायरीच्या दगडावर पडलीस. माझी आजी धावत आली तेव्हा मी म्हटलं, "हात घामेजले." तू मनगट पोटाशी धरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हो, घामच होता." त्यानंतर कुठल्याही पोरीला शिकवताना आधी राख चोळायला लावायचीस. हाडवैद्यानं मनगट वाकडंच बसवलं. मुलाकडची मंडळी आली, चहा प्यायली, आणि गेली ती गेलीच. जन्मभर भावाच्या घरी त्या मनगटानं भाकऱ्या थापल्यास. एका हाताची फुगडी घालू म्हणून चांगला हात पुढे करायचीस, तर मी पाय दुखतोय म्हणून पळायचे. एवढी बोलघेवडी मी, पण त्या एका गोष्टीवर कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात फुगडी घालताना माझ्या नातीनं तिच्या मैत्रिणीला सोडलं. मी मैत्रिणीचं जरा जास्त कौतुक केलं, एवढंच कारण. मैत्रीण आपटली, कोपर खरचटलं, आणि नात लगेच, "स्वेटी हँड्स, आजी!" तिच्या हातांना पावडर मीच चोळली होती, बर्फासारखे गार होते हात. सूनबाई, थांबू नकोस, लिही. तुझी लेक आहे म्हणून गाळलंस तर मला वाचता येणार नाही, पण तुझ्या तोंडावरून कळेल. कोपराला बर्फ लावत होते तेव्हा मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, "शी लेट गो, आजी. बट डोन्ट टेल, ओके?" एवढं इंग्रजी मला कळतं. तिला कसं समजलं ते मी विचारलंच नाही. हात घसरतो तेव्हा शेवटच्या बोटापर्यंत ओढ लागते. सोडतात तेव्हा एकदम काहीच नसतं. धरलेलीला ते कळतंच.

म्हणजे तुलाही कळलं होतं. मी साठ वर्षं समजत होते की तुला फसवलं, आणि तू गावातल्या पोरींच्या हातांना राख चोळून माझं खोटं सांभाळत बसली होतीस. नातीला मी रागवायला म्हणून जवळ बसवलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "पुढच्या वेळी पावडर जास्त घेऊ." पोरगी खूश होऊन पळाली. आता सूनबाई म्हणते, "आई, तिला हाक मारते, तुम्हीच सगळं सांगा तिला. तुमचंही सांगा." मी म्हटलं, "इन्शाल्ला." त्यावर तिनं असं काही बघितलं की म्हटलं, बरं बाई, उद्या.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा राहिलेलंही सांगते. इतकी वर्षं मनाशी म्हणत आले, मस्करीत सुटला हात. मस्करी नव्हती. तिकडून नकार आला त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मी जेवले. तू आता कुठे जाणार नव्हतीस, म्हणून पोटभर जेवले.