धाकटीने घेतलेले विषय

डॉक्टरीणबाई,

वर आशीर्वाद लिहायला गेले, तर "उदंड आयुष्याची हो" एवढंच सुचलं. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी मेल्या हाताला कळत नाही.

आज धाकटीच्या शाळेत गेले होते. पुढच्या दोन वर्षांचे विषय आत्ताच ठरवायचे होते, नाहीतर नंतर हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळत नाही. बाईंनी विचारताच पोरगी घडाघडा म्हणाली, "जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र." तुझेच विषय, तुझ्याच क्रमाने! दिवसभर चित्रं काढणाऱ्या पोरीने चित्रकलेचं नावसुद्धा घेतलं नाही. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी ही, माणसं कापणार?

घरी आल्यावर तुझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून आरशासमोर उभी राहिली. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. मी खेकसले, "काय चाललंय हे?"

तर म्हणते, "ताईचं डॉक्टर व्हायचं राहिलं, ते मग कोण करणार?"

खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. त्या कोटात पुन्हा कुणीतरी उभं होतं. मग तिने बाह्या वर सारल्या आणि बोटं दिसली. नखांत निळा रंग अडकलेला, नेहमीसारखा.

कोट मी काढून घेतला. उद्या आम्ही दोघी जाऊन विषय बदलून येऊ. तिला तिची चित्रकला मिळेल. तुझं राहिलेलं मात्र आता राहूनच जाणार गं.

रागावू नकोस.

तुझी, आणि तिचीही,
आई