शालूबाईचं माती परीक्षण

मु. पो. पलूस,
गुरुवार, दुपार

वडीलधारे अर्जुनराव पावणं यांच्या चरणी निवृत्त हवालदार गुंडाजी याचा कमरेपर्यंतचा नमस्कार पोचावा (त्याखाली गुडघे वाकत नाहीत). तिकडील सर्व मंडळी खुशाल असतील, वहिनींची कंबर सुधारली असेल आणि आपली गाय सुखरूप व्यायली असेल, अशी आशा बाळगतो. इकडील प्रकृतिमान यथातथा आहे. आमची सूनबाई ज्ञानदा शाळेत विज्ञान शिकवते आणि पत्र शुद्ध भाषेतच लिहावे असा तिचा आग्रह आहे. चार ओळी लिहिल्या. आता दम लागला. हितनं फुडं आपल्या भाषेत लिवतो.

तर पावणं, तुमची भैन शालू तुमच्याकडं वाईला येऊन आज बारावा दिस. तिचा फोन बंद हाय, तुमचा फोन तीच उचलते आन माझा आवाज ऐकला की ठेवते, म्हणून पोस्टाचं तिकीट लावायची पाळी आली. तिनं तुमास्नी काय सांगितलं आसंल ते मला ठाव हाय. नवऱ्यानं मला रान समजून तपासायला दिली, चार गावची माणसं बघायला आणली, ह्या घरात मी पाय ठेवनार न्हाई. एवढंच ना? सगळं खरं हाय. पण त्यामागं माझा हेतू काय व्हता ते तिनं सांगितलं नसंल, कारण ते तिनं ऐकूनच घेतलं न्हाई.

सुरुवात झाली ज्ञानदापासनं. तिचा नवरा, आमचा जयराज, तिकडं सीमेवर, म्हणून ही रोज जेवताना आमालाच वर्ग समजून उद्याचा धडा शिकवते. एक दिस म्हणाली, मामा, उसाचं कांडं आन माणूस, दोघांचं सामान एकच. कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन, नत्र, आन वरनं स्फुरद, पालाश, गंधक. मी घास तसाच धरून बसलो. नत्र, स्फुरद, पालाश? आवं ही तर आपल्या शेडात रचलेली खताची पोती! ती म्हणाली, व्हय, मांसात नत्र, हाडात स्फुरद, नसांच्या कामाला पालाश. (सतरा वर्सं फौजेत काढली, दर सहा म्हैन्यांनी डॉक्टरनं उघडा करून तपासला, पण हे एकानं सांगितलं न्हाई.) फुडं म्हणाली, पानातल्या हिरव्या रंगाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक कण बसलेला आसतो, आन माणसाच्या तांबड्या रक्तात जवळजवळ तसल्याच खुर्चीत लोह बसतं. लोह कमी पडलं की माणूस फिका पडतो.

आता तुमी ऊसवालं न्हाई, हळदवालं, म्हणून सांगतो. लोह कमी पडलं की उसावर केवडा पडतो. पान पांढरं-पिवळं, वाढ खुंटली, पीक नुसतं उभं आपलं. मी जेवता जेवता समोर बघितलं तर शालू बसलेली, आन शप्पथ सांगतो पावणं, तिच्यावर केवडा पडलेला. ओठ पांढरं, नखं पांढरी. गच्चीवर पापड घालाय जाताना चौथ्या पायरीला बसायची आन मला सांगायची, "हितनं गार वारं लागतंय, म्हणून बसले." आन एकदा तिच्या पदराच्या गाठीत काय सापडलं? पाटीवरच्या पेन्सिली. पोरांसारख्या कुडूमकुडूम खायची. इचारलं तर म्हणती कशी, "खाते तर खाते, तुमच्या वाटणीचं खाते व्हय?"

दवाखान्यात चल म्हणलं. तर म्हणाली, मला काय धाड भरलीया? दवाखान्यात गेलं की माणूस आजारी पडतं. ज्ञानदानं समजावलं, मी समजावलं, एकदा तर रिक्षा दारात आणून उभी केली. ती रिक्षात बसली आन बाजारात जाऊन भाजी घेऊन आली. मला खरंच कळंना काय करावं. मग इचार केला, रान पिवळं पडलं आन बोलाय तयार न्हाई, तर आपण काय करतो? माती परीक्षण करतो. रानाला इचारत बसत न्हाई.

नमुना घ्यायचे नियम मला पाठ हायत. रानात नागमोडी चालायचं, नऊ ठिकाणी खड्डं घ्यायचं, वरचा पाला बाजूला सारायचा, सगळं एकत्र करून अर्धा किलो कापडी पिशवीत भरायचं. आता शालूच्या बाबतीत खड्ड्याचा इषयच न्हाई (कुठल्या जमिनीत पाय ठेवायचा न्हाई हे फौजीला कळतं). पण आरशामागं तिची एक पिशवी व्हती. इंचरताना निघालेलं केस ती तीन वर्सं साठवत आल्ती, केसांवर भांडी देणारी हरणाबाई आली की मोठी परात घ्यायची म्हणून. ती पिशवी मी उचलली. केस कातरीनं बारीक केलं, खलबत्त्यात कुटलं, चाळणीनं चाळलं. वजन भरंना. अर्ध्या किलोला कमी पडलं तर प्रयोगशाळा नमुना घेत न्हाई, म्हणून तुळशीतली कोरडी माती घालून भरती केली. रंग आसा काळाभोर आला की बघणाऱ्यानं मोहात पडावं.

मग फॉर्म भरला. खोटं लिवायची मला सवय न्हाई. शेताचं नाव: शालूबाई. क्षेत्र: पाच फूट एक इंच. मागील पिकं: एक मुलगा, दोन मुली. पाण्याची सोय: चहा, दिवसातनं सहा पाळ्या. निचरा: बरा. जमिनीचा स्वभाव म्हणून रकाना न्हवता, तरी समासात लिवलं: उन्हाळ्यात तापते, लवकर वापसा येत न्हाई (म्हंजे पाय ठेवण्याजोगी व्हत न्हाई). आष्ट्याकडच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पिशवी दिली आन पावती घेऊन आलो.

आठव्या दिशी तिथल्या साहेबाचा फोन. अमृत त्यांचं नाव. म्हणलं, काका, हे रान कुठं हाय? आवं, सगळ्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब एक टक्क्याला टेकत न्हाई आन तुमच्या शालूबाईत चौदा टक्के! नत्र आमच्या मशिनीत मावंना! गंधक तर इचारूच नका! काय खत घालता? मी म्हणलं, काय न्हाई, भाकरी आन आमटी. साहेबानं पलीकडं ते लिवून घेतलं. मग म्हणलं, म्हणजे आमटीची स्लरी सोडता? कितव्या दिशी?

मी फक्त लोहाचं इचारलं. कमी हाय म्हणलं. मी लगोलग जाऊन अहवाल आणला. शिफारस पण लेखी दिली: एकरी दहा किलो हिराकस (लोहाचं खत) शेणखतात मुरवून द्यावं, आन रानाला एक वर्स इसावा द्यावा. पावणं, ती इसाव्याची ओळ वाचून मला लय लाज वाटली. लग्नाला एकतीस वर्सं झाली, ही शिफारस मला कुणी केली नव्हती.

फुडचं तुमास्नी कळलंच हाय, तरी माझ्या तोंडनं ऐका. रविवारी सकाळी दोन जीपा आल्या. अमृत साहेब, शेतकरी गटाचं अध्यक्ष, सांगलीचं दोन पत्रकार, आन बियाण्याला मूठभर माती मागाय आलेलं तेरा शेतकरी, हातात रिकामी घमेली घेऊन. अध्यक्षांनी मला हार घातला, श्रीफळ दिलं आन म्हणलं, चला, शालूबाई दाखवा. मी म्हणलं, ती आता आंघोळीला गेलीया. ते म्हणलं, म्हणजे पाणी चालू हाय, हरकत न्हाई, आमी बांधावर थांबतो. मी समजवायला तोंड उघडतोय तवर ती दारात आली, ओलं केस पाठीवर सोडून. मी खरं सांगून टाकलं, हीच शालूबाई. तेरा घमेली एकदम खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यातला एक शेतकरी तरीबी न राहवून म्हणाला, वयनी, आमटीत नेमकं काय घालता?

ती तशीच आत गेली. पिशवी भरली, स्टँडवर चालत गेली. जाताना चारदा रस्त्याच्या कडंला बसली. मी मागनं पन्नास पावलांवर चालत व्हतो, ती बसली की मीबी बसत व्हतो. एवढंच आमचं बोलणं झालं.

थोरामोठ्यांना मानाचा आन धाकट्यांना प्रेमाचा, ज्याचा त्याचा नमस्कार तुमीच वाटून द्या. वासराला नाव ठेवलं का ते कळवा.

आपला,
गुंडाजी

ता. क. हे पत्र शालूला दाखवू नका. वाईला एखादा चांगला डॉक्टर बघा, आन वहिनींच्या कंबरेसाठी जातोय आसं सांगून तिला संगं न्या, आन तिथं तिचं रक्त तपासून घ्या. मी सांगितलं म्हणू नका, न्हाईतर ती मरंल पण सुई टोचून घ्यायची न्हाई.

ता. क. दुसरा. ज्ञानदानं आत्ताच पत्र वाचलं. म्हणाली, मामा, अहवालात लोह कमी निघालं ते तुळशीच्या मातीचं, केसावरनं रक्ताचं काय कळत न्हाई. म्हणजे एवढं दिस मी उगाच भ्यालो. पण तिच्या पायऱ्यांवर बसण्याचं आन पेन्सिलींचं काय, आसं इचारलं तर ज्ञानदानं पत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, रक्त तपासून घ्याच. तवापासनं पुन्हा भ्यालोय.

ता. क. तिसरा. रक्त बरं निघालं तर शालूला खुशाल दिवाळीपर्यंत ठिवून घ्या. मला काय गडबड न्हाई. ज्ञानदा हाय, भाकरी मीबी थापतो, घर कसं शांत हाय.

ता. क. चौथा. वरचं तिसरं खोटं हाय. कागद संपला म्हणून पत्र नव्यानं लिवलं न्हाई. रक्त कसंबी निघू द्या, मी मंगळवारच्या पहिल्या गाडीनं येतोय. तिनं दार उघडलं न्हाई तर तुमच्या पायरीवर बसंन. गार वारं लागतंय म्हणंन.